ताट आणि खाट यांमधले अंतर



मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत आहे, असे घर आज आपल्याकडे गल्लोगल्ली सापडते. आजी-आजोबा दोन-तीन वर्षांतून एकदा तिकडे जातात, काही महिने राहतात आणि एखाद्या सुटीच्या तोंडावर मुले म्हणतात, "मेक्सिको इथून जवळच आहे. चार-पाच दिवस जाऊन येऊ. तिथले जेवण तुम्हाला आवडेल, आपल्यासारखेच चवदार असते." बेत ठरतो. कोणत्या उपाहारगृहात काय खायचे याची यादी होते. मग राहण्याची जागा शोधली जाते आणि ती बहुधा छायाचित्रे पाहूनच पसंत केली जाते. अंगणातली बोगनवेल, दगडी कमान, गच्चीवरून दिसणारे चर्चचे घुमट. या सगळ्या निवडीत आजींच्या गुडघ्यांना मात्र कोणी विचारलेले नसते.

हे मी कोणाला नावे ठेवण्यासाठी लिहीत नाही. ही चूक आमच्याच घरी झाली आहे. भाऊ आणि वहिनी अमेरिकेत असतात. आई ७८ वर्षांची असताना आम्ही तिला घेऊन दक्षिण मेक्सिकोतल्या वाहाका शहरी गेलो. रोमन लिपीतले नाव वाचून आपण त्याला 'ओक्साका' म्हणू, पण तिथला उच्चार 'वाहाका' असा आहे. भावाने एका जुन्या घरातले सुंदर, लहानसे हॉटेल निवडले होते. खोली 'पहिल्या मजल्यावर' हवी, असे त्याने आवर्जून कळवले होते. अमेरिकेत पहिला मजला म्हणजे तळमजला. मेक्सिकोत मात्र, आपल्याकडच्यासारखाच, तळमजल्याच्या वरचा तो पहिला. पोहोचलो तेव्हा आमच्यासमोर बावीस दगडी पायऱ्या होत्या आणि कठडा एकाच बाजूला होता.

पहिल्या दुपारी आम्ही तीन वाजता जेवायला बसलो. जेवण उत्तम आणि भरपेट झाले. परतीचा रस्ता पंधरा मिनिटांचा होता, पण चढाचा आणि गोट्यांच्या फरसबंदीचा. वर ऊन होते. अर्ध्या वाटेवर आई बोलायची थांबली. तिचा चेहरा पांढरा पडला आणि ती एका दुकानाच्या पायरीवर बसली. दुकानातल्या बाईने न विचारता खुर्ची आणून दिली, पाण्याची बाटली दिली. अर्ध्या तासाने आईला बरे वाटले. रात्री ती शांतपणे म्हणाली, "उद्यापासून मी खोलीतच थांबते. तुम्ही जाऊन या. येताना मला दोन केळी आणा म्हणजे झाले."

हे वाक्य तुमच्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल, काहींनी उच्चारलेही असेल. त्यात राग नसतो, तक्रारही नसते. आपले कोणाला ओझे होऊ नये म्हणून वडीलधारी माणसे स्वतःला हिशेबातून वजा करून घेतात आणि आपण 'त्यांना आराम हवा आहे' असे समजून निघून जातो. आम्ही दुसऱ्या दिवशी हॉटेल बदलले. एका रात्रीचे पैसे बुडाले. नवी खोली साधी होती, तळमजल्यावर होती आणि जेवणाच्या जागांपासून दोन चौकांवर होती. उरलेल्या चारही दुपारी आई आमच्याबरोबर पानावर बसली होती.

त्या प्रवासाने मला एक माप शिकवले. त्याला मी ताट आणि खाट यांमधले अंतर म्हणते. ज्येष्ठांना घेऊन एखाद्या गावी तिथल्या जेवणासाठी जायचे असेल, तर हेच अंतर आधी ठरवावे. बाकी सगळे त्यानंतर.

जेवणानंतर चक्कर का येते

जेवण झाले की पचनासाठी आतड्यांकडे रक्ताचा पुरवठा वाढतो. तरुण शरीरात त्याच वेळी हृदयाची गती थोडी वाढते, इतर रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्तदाब जागच्या जागी राहतो. वयानुसार ही सावरण्याची क्रिया मंदावते. मग जेवणानंतरच्या दोन तासांत वरचा रक्तदाब २० अंकांनी किंवा त्याहूनही अधिक उतरू शकतो. डोळ्यांसमोर अंधारी येते, पाय लटपटतात, क्वचित माणूस पडतो. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना, मधुमेह बऱ्याच वर्षांचा असणाऱ्यांना आणि कंपवाताच्या रुग्णांना हा त्रास अधिक संभवतो. भात, पोळी, गोड पेये असे पिष्टमय व शर्करायुक्त पदार्थ एका बैठकीत जास्त झाले, तर उतार मोठा असतो. मद्य त्यात भर घालते.

यावरचे उपाय साधे आहेत. जेवणापूर्वी पेलाभर पाणी प्यावे. मात्र हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर मर्यादा असेल, तर डॉक्टरांचे सांगणे पाळावे. एका वेळी थोडे खावे. जेवण झाल्यावर लगेच उठू नये, वीस-तीस मिनिटे गप्पा मारत बसावे. गोळ्यांच्या वेळा बदलाव्यात का, हे प्रवासापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. सपाट रस्त्यावर सावकाश चालण्याने सहसा बाधत नाही. बाधतात ते ऊन, चढ आणि घाई. आमच्याकडून त्या दुपारी तिन्ही एकत्र घडले होते.

मेक्सिकोची एक रीत मात्र आपल्या पथ्यावर पडणारी आहे. तिथले दिवसाचे मुख्य जेवण म्हणजे 'कोमिदा' आणि ते साधारण दुपारी दोन ते चारच्या दरम्यान होते. रात्री हलके काहीतरी खातात. म्हणजे नामांकित उपाहारगृहात रात्री नऊला जाण्याचा अट्टाहास ज्येष्ठांनी करायचे कारण नाही. दोनच्या सुमारास जावे, शांतपणे जेवावे, खोलीवर येऊन वामकुक्षी घ्यावी आणि संध्याकाळी चौकात बाकावर बसून गावाची वर्दळ पाहावी. हा दिनक्रम जमतो तो खोली जवळ असेल तरच. खोली दूर असली की मधली विश्रांती बुडते, माणूस दुपारभर ताटकळतो आणि दुसऱ्या दिवशी पाय उचलत नाहीत.

आधी गाव, मग हॉटेल

मेक्सिकोची पारंपरिक पाककला २०१० साली युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेली. पण 'मेक्सिकन जेवण' असे एकच काही नाही. आपल्याकडे मालवण, खानदेश आणि विदर्भ यांची पाने वेगवेगळी, तसेच तिथेही आहे. म्हणून गाव निवडताना चव पाहावीच, पण शरीरही पाहावे.

राजधानी मेक्सिको सिटी सुमारे २,२४० मीटर उंचीवर आहे, म्हणजे जवळजवळ आपल्या उटीइतकी. पुएब्ला हे 'मोले पोब्लानो' या रश्शाचे गाव, ऑगस्ट-सप्टेंबरात मिळणाऱ्या अक्रोडाच्या पांढऱ्या वाटणातल्या भरल्या मिरच्यांचे गाव. तेही २,१०० मीटरच्या पुढे आहे. मात्र त्याचा जुना भाग बहुतांशी सपाट आणि बुद्धिबळाच्या पटासारखा आखीव आहे. युकातानमधले मेरिदा समुद्रसपाटीच्या जवळ आणि पूर्ण सपाट. तिथे आंबट लिंबाचे सूप आणि संत्र्याच्या रसात मुरवून केळीच्या पानात शिजवलेले मांस प्रसिद्ध आहे. पण एप्रिल-मेमधला उकाडा ज्येष्ठांना सोसणारा नाही. वाहाका सुमारे १,५५० मीटरवर आहे, महाबळेश्वरहून थोडे उंच. एवढ्या उंचीचा त्रास बहुतेकांना होत नाही, तरी हृदयाचे किंवा फुप्फुसांचे दुखणे असेल, तर डॉक्टरांना विचारूनच निघावे. नोव्हेंबर ते एप्रिल हे कोरडे महिने प्रवासाला बरे. डिसेंबर-जानेवारीत रात्री गार असतात, तेव्हा जास्तीचे पांघरूण मिळेल का, हे विचारून घ्यावे.

वाहाकाचा जुना भाग आणि जवळचे मोंते आल्बान हे प्राचीन अवशेष १९८७ सालापासून जागतिक वारसास्थळांत आहेत. जुन्या भागाचा नकाशा डोळ्यांसमोर आणणे सोपे आहे. दक्षिणेला 'सोकालो' हा झाडांनी भरलेला मुख्य चौक, उत्तरेला सान्तो दोमिंगोचे भव्य चर्च आणि दोहोंना जोडणारी मासेदोनियो आल्काला ही पादचाऱ्यांची सडक. ही सडक उत्तरेकडे हलकी चढत जाते. तरुणांच्या हे लक्षातही येत नाही, पण भरल्या पोटी परतणाऱ्या आजोबांना ते पावलोपावली जाणवते. तेव्हा खोली सान्तो दोमिंगोच्या बाजूला असेल, तर चौकाकडे उतरताना पायी जावे आणि परतताना टॅक्सी घ्यावी. त्यात कमीपणा नाही.

नावाजलेली बरीच उपाहारगृहे याच पट्ट्यात किंवा त्याच्या आसपास आहेत. आल्काला सडकेवरचे 'लोस दान्सान्तेस' आणि तालिया बार्रिओस गार्सिया यांचे 'लेवादुरा दे ओया' या दोघांना २०२४ साली, मेक्सिकोसाठी निघालेल्या पहिल्याच मिशेलिन मार्गदर्शिकेत, एकेक तारा मिळाला. आचारीण सेलिया फ्लोरियान यांचे 'लास किन्से लेत्रास' पारंपरिक स्वयंपाकासाठी ओळखले जाते. 'कासा वाहाका'च्या गच्चीवरून सान्तो दोमिंगो दिसते. पण गच्ची म्हटली की जिना आलाच, तेव्हा जागा राखतानाच खालची मागून घ्यावी. सोकालोच्या दक्षिणेला 'वेइन्ते दे नोव्हिएम्ब्रे' म्हणजे 'वीस नोव्हेंबर' या नावाचा बाजार आहे. तिथल्या खाणावळींत साधे, घरगुती आणि स्वस्त जेवण मिळते. मात्र मांस भाजणाऱ्या बोळात धूर दाटलेला असतो. दमा असणाऱ्यांनी तिकडे जाऊ नये. देशी मक्याच्या भाकऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेले 'इतानोनी' उत्तरेच्या रेफोर्मा वस्तीत आहे, तिथे गाडीनेच जावे.

यादीतली सगळी ठिकाणे पाहायलाच हवीत असे नाही. ज्या दोन-तीन ठिकाणी मनापासून जायचे आहे, ती नकाशावर खुणावून घ्यावीत आणि त्यांच्या मधोमध, सपाट बाजूला राहण्याची जागा शोधावी.

वाड्याचे सौंदर्य आणि वाड्याच्या पायऱ्या

बुटिक हॉटेल म्हणजे मोजक्या खोल्यांचे, स्वतःचा बाज असलेले लहान हॉटेल. वाहाकात ती बहुधा जुन्या घरांत असतात. हिरवट दगडाच्या जाड भिंती, मधे उघडे अंगण आणि भोवती ओसरी व खोल्या, अशी ती घरे असतात. पुण्या-वाईचा चौसोपी वाडा पाहिलेल्या माणसाला तिथे पाऊल टाकताच आपलेपणा वाटतो. अशा जागेचे फायदे खरे आहेत. दुसऱ्या दिवशी तिथली माणसे तुम्हाला नावाने ओळखतात, नाश्त्याला मऊ भात किंवा साधे फळ मागता येते, गोंगाट कमी असतो. पण वाड्याच्या अडचणीही सोबत येतात. उंच उंबरे असतात, उद्वाहक नसतो, न्हाणीघरात आधाराचा दांडा नसतो आणि रात्री दाराशी कोणी असेलच असे नाही.

म्हणून पैसे भरण्यापूर्वी हॉटेलला लेखी प्रश्न विचारावेत. 'तुमचे हॉटेल ज्येष्ठांसाठी सोयीचे आहे का?' असे विचारू नये. त्याचे उत्तर नेहमी 'हो' असेच येते. मोजता येईल असेच विचारावे.

१. रस्त्याच्या दारापासून पलंगापर्यंत एकूण किती पायऱ्या आणि किती उंबरे आहेत? कठडा कोणत्या बाजूला आहे?

२. खोली 'प्लान्ता बाखा'वर आहे का? या शब्दांचा अर्थ निःसंशय तळमजला. 'पहिला मजला' हे शब्द वापरूच नयेत; आम्ही त्याची किंमत मोजली आहे.

३. न्हाणीघराची उंबरठ्यासह छायाचित्रे पाठवाल का? फरशी ओली झाल्यावर निसरडी होते का? आत प्लास्टिकची खुर्ची ठेवता येईल का?

४. खोलीची खिडकी रस्त्यावर आहे की अंगणात? अंगणात रात्री उपाहारगृह किंवा समारंभ असतो का? वाहाकात लग्नाच्या आणि सणाच्या मिरवणुका बँडबाजासह निघतात, फटाकेही उडतात. जुलैमधला गेलागेत्सा उत्सव आणि ऑक्टोबरअखेरीपासूनचे मृतात्म्यांचे दिवस पाहण्याजोगे असतात. पण त्या काळात गर्दी आणि भाडे दोन्ही वाढतात, झोप मात्र कमी होते.

५. रात्री मदत लागली तर कोणाला उठवायचे? जवळचे रुग्णालय किती मिनिटांवर आहे? इंग्रजी बोलणारा डॉक्टर बोलावता येतो का?

६. पिण्याच्या पाण्याचा मोठा बुधला खोलीत किंवा ओसरीत असतो का? नळाचे पाणी पिऊ नये, दातही त्या पाण्याने घासू नयेत.

७. भूकंपाचा भोंगा वाजला तर जमण्याची जागा कोणती? हा भूकंपप्रवण भाग आहे आणि शहरात इशाऱ्याचे भोंगे आहेत. तळमजल्याची खोली इथेही उपयोगी पडते.

उत्तर किती तत्परतेने आणि किती नेमके येते, यावरूनही जागेची पारख होते. 'चौदा पायऱ्या, कठडा डाव्या हाताला' असे लिहिणारा माणूस वेळप्रसंगी धावून येईल, असा माझा अनुभव आहे.

याबरोबर एक काम घरीच करायचे आहे. निघण्यापूर्वी आठवडाभर, दुपारच्या जेवणानंतर अर्धा तास बसून मग घरच्या ज्येष्ठांबरोबर सावकाश चालून पाहा. न थांबता, न दमता किती मिनिटे चालणे होते, ते लिहून ठेवा. परगावच्या अनोळखी फरसबंदीसाठी त्याचे निम्मे धरा. दहा मिनिटे होत असतील, तर पाच. तेवढ्या अंतरात खोली मिळाली पाहिजे. आणि ज्येष्ठांनो, त्या आठवड्यात भिडेखातर दोन पावलेही जास्त चालू नका. 'मला चालेल' म्हणून टाकलेली ती दोन पावले पुढे चार दिवस खोलीत बसवतात.

ताटात काय घ्यावे

वाहाकाला सात मोल्यांचे गाव म्हणतात. मोले म्हणजे वाटणाचा दाट रस्सा. भाजलेल्या सुक्या मिरच्या, तीळ, शेंगदाणे किंवा बदाम, टोमॅटो, मसाले हे सारे भाजून, बारीक वाटून, तासन्‌तास शिजवतात. काळ्या मोल्यात थोडे चॉकलेटही असते. तो दिसतो तितका जहाल नसतो. त्याची चव धुरकट, किंचित गोडसर लागते. कोल्हापूरच्या किंवा नागपूरच्या जिभेला तर तो सौम्यच वाटेल. मात्र शेंगदाण्याची किंवा तिळाची ॲलर्जी असणाऱ्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नये.

शाकाहारी वाचकांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. शाकाहारी दिसणाऱ्या पदार्थातही डुकराची चरबी किंवा कोंबडीचा रस्सा असू शकतो. वाटलेला घेवडा, तामाल, बहुतेक मोले यांत ती शक्यता असते आणि 'त्लायुदा' या मोठ्या कुरकुरीत भाकरीवर तर चरबीचा थर लावण्याचीच रीत आहे. 'सिन मान्तेका' म्हणजे चरबी नको, 'सिन काल्दो दे पोयो' म्हणजे कोंबडीचा रस्सा नको, 'पोका साल' म्हणजे मीठ कमी, 'सिन येलो' म्हणजे बर्फ नको. ही चार वाक्ये कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून खिशात ठेवावीत.

दात किंवा कवळी अडचणीची असेल, तर त्लायुदाच्या वाटेला जाऊ नये. त्याऐवजी केळीच्या पानात वाफवलेला तामाल मागावा. पान उघडताच आपल्या पानगीची आठवण होते. हा मक्याचा आणि मऊ असतो. भोपळ्याचे कोवळे वेल आणि फुले घातलेले 'सोपा दे गियास' हे सूप हलके आणि पोटाला सोसणारे आहे. रक्त पातळ करणारी वार्फरिनसारखी गोळी चालू असेल, तर पालेभाज्यांचे प्रमाण रोजच्याएवढेच ठेवावे. तिथल्या मक्याच्या भाकरीचाही एक गुण सांगण्याजोगा आहे. मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवून मग दळतात. त्यामुळे कॅल्शियमची भर पडते आणि एरवी शरीराला न मिळणारे नायसिन हे जीवनसत्त्व मिळू लागते. नायसिनच्या अभावाने होणारा पेलाग्रा हा रोग या युक्तीमुळे तिथल्या मकाखाऊ समाजापासून दूर राहिला.

फळांची गोड पेये मधुमेह्यांनी घोटभरच चाखावीत. स्वागतासाठी मेस्काल ही दारू पुढे येते. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या किंवा झोपेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी हसून नकार द्यावा. भाजलेले टोळ हा तिथला आवडता चखणा. कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी असणाऱ्यांना तो बाधू शकतो. ताजे चीज निर्जंतुक केलेल्या दुधाचे आहे का, हे विचारावे. आणि जुलाब झाले तर ज्येष्ठांच्या शरीरातले पाणी झपाट्याने घटते, म्हणून क्षार-साखरेच्या पुड्या भारतातूनच न्याव्यात. लघवीच्या गोळ्या घेणाऱ्यांनी अशा वेळी त्या चालू ठेवाव्यात का, हेही आधीच विचारून ठेवावे.

औषधे हातातल्या पिशवीत, मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह ठेवावीत. वाहाकाचे घड्याळ भारताच्या साडेअकरा तास मागे असते, त्यानुसार इन्सुलिनच्या वेळा डॉक्टरांकडून लिहून घ्याव्यात. अमेरिकेतल्या मुक्कामासाठी घेतलेला आरोग्य विमा मेक्सिकोत चालतोच असे नाही, तेव्हा तो तपासावा. तिथला तातडीच्या मदतीचा क्रमांक ९११ आहे.

आता पुन्हा आईकडे वळते. शेवटच्या दुपारी आम्ही एका लहान घरगुती खाणावळीत जेवलो. आमचे बूड हलत नाही असे पाहून मालकीणबाईंनी आईला हाताला धरून स्वयंपाकघरात नेले. तिथे तीन पायांचा दगडी पाटा होता, त्यावर लांबट वरवंटा होता. 'मेताते' म्हणतात त्याला. आईला स्पॅनिशचा एक शब्द येत नाही. तिने वरवंटा दोन्ही हातांत धरला आणि दोन वेळा पुढेमागे केला, लहानपणी चटणी वाटायची तसा. त्या बाई हसल्या. त्यांनी आईची मनगटे धरून ती थोडी खाली दाबली. तिथली रीत तशी असावी. दोघी काही वेळ तशाच एकमेकींना दाखवत राहिल्या. निघताना बाईंनी कागदात गुंडाळलेली एक चौकोनी वडी आईच्या हातावर ठेवली. आईने ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "अगं, ही तर राजगिऱ्याची चिक्की!"

खरेच ती राजगिऱ्याची चिक्की होती. राजगिरा मूळचा तिकडचाच, आपल्याकडे येऊन तो उपासाचा झाला. ते लोक या वडीला 'आलेग्रिया' म्हणतात. शब्दाचा अर्थ आहे आनंद.

खाणावळीपासून खोली दीडशे पावलांवर होती. आईने ती मोजली होती.